चार शेळ्या, दोन मिनिटं

१७ मे, रात्रीचे पावणेअकरा

शाळेच्या ओट्यावर सतरंजी टाकून लिहितेय. आत वर्गात झोपायचं नावच नको, पत्रा अजून तापलेलाय. शिबिराचा आज पाचवा दिवस. मंगळवेढा तालुक्यातल्या चार गावांतली ३८ पोरं, आम्ही सात ताई-दादा, झेडपीची शाळा आणि गावानं दिलेला पाण्याचा एक टँकर, एवढ्यावर चाललंय सगळं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ ला जातो, त्यामुळं सगळं काम सकाळी साडेसहा ते दहा आणि मग थेट संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळेत कडुनिंबाखाली गोष्टी, गाणी, नाहीतर झोप.

आजचं लिहायलाच पाहिजे, उद्या विसरायला होतं.

आज शेळ्या पारखायची स्पर्धा होती. ही कल्पना मी अमेरिकेतल्या फोर-एचकडनं घेतलीय. खेड्यातल्या पोरांसाठी सुरू झालेली ती फार जुनी चळवळ. १९०२ साली ओहायोमध्ये ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा अधीक्षकांनी पोरं जमवून मका, भाजीपाला, माती तपासणं असलं काही चालू केलं, तिथनं ती वाढली. डोकं, मन, हात आणि आरोग्य, म्हणजे हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ, असे चार एच. त्यामागचं कारण मला फार पटलं, की मोठे शेतकरी विद्यापीठातलं नवीन काही ऐकायला तयार नसायचे, पण पोरांनी स्वतःच्या वाफ्यात करून दाखवलं की घरचे आपोआप बघायला यायचे. त्यांच्याकडं जनावरं पारखायची स्पर्धा असते. चार जनावरं समोर उभी करतात, पोरानं ती पहिल्यापासून चौथ्यापर्यंत लावायची, त्याला ५० गुण. आणि मग परीक्षकासमोर उभं राहून, हातात कागद न घेता, दोन मिनिटांत सांगायचं की असं का लावलं. त्यालाही ५०. म्हणजे क्रम चुकला तरी कारण नीट दिलं तर पोरगं अर्धं जिंकलेलंच असतं.

हे वाचलं तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या शिबिरात हे करायचं म्हणजे करायचं. मी सहावीत असताना एका शिबिरात मातीचा बैल केला होता, तीन दिवस खपून, वशिंड नीट यावं म्हणून दोनदा मोडून परत केला. नंबर तीनच निघाले आणि उरलेल्या आम्हा सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. माझ्या बैलात काय कमी होतं ते कुणीच सांगितलं नाही, मी विचारलंही, तर पुढच्या वर्षी बघू म्हणाले. मला बक्षीस नको होतं हो, फक्त सांगायचं होतं कुणीतरी की पाय बारीक झालेत किंवा मान चुकलीय. ते अजून डोक्यातनं जात नाही.

म्हणून आमच्याकडं एक-दोन-तीन नाहीच. तेही फोर-एचचंच, पोराला दुसऱ्या पोराशी नाही तर ठरलेल्या मापाशी लावून बघायचं आणि मापाप्रमाणं निळी, लाल नाहीतर पांढरी फीत द्यायची. सगळ्या पोरांना निळी मिळू शकते. सोलापुरातनं येताना टॉवेलच्या कारखान्यातल्या काठाच्या पट्ट्या आणल्यात पोतंभर, त्याच फिती.

तर शेळ्या. गावातल्याच चार, सगळ्या उस्मानाबादी, काळ्याभोर, मानेला खडूनं नंबर लिहिलेली पुठ्ठ्याची पट्टी. परीक्षक दोघं, तालुक्याचे पशुवैद्यक डॉक्टर आणि गावातले एक आबा, ज्यांचं आयुष्य कळपामागं गेलंय. दोघांनी आधीच बसून क्रम लावून पाकिटात बंद केला, ३-१-२-४. पोरांना दहा मिनिटं. हात लावायचा, दात बघायचे, कास बघायची, शेळी चालवून बघायची. दात बघायला कालच शिकवलं होतं, समोरचे सगळे दुधाचे असतील तर आदत, दोन मोठे आले तर साधारण वर्ष-सव्वा वर्ष उलटलेलं, मग चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळलेली.

सातवीतली एक पोरगी आहे, पहिले चार दिवस तिच्या तोंडून नाव सोडून काही निघालं नव्हतं. नाव विचारलं तरी खाली बघून सांगायची. ओळीत शेवटी उभी राहायची. तिचा नंबर आला तेव्हा मला वाटलं रडते की काय. ती पुढं आली, ओढणीचं टोक मुठीत घट्ट, आणि सरळ आबांकडं बघून बोलायला लागली.

"मी तीन, दोन, एक, चार लावलंय. तीनची कास मऊ हाय, दोन्ही सड सारखे हायत, चार दाती हाय, म्हंजे अजून लई वेत देणार. चार नंबरची दिसाया देखणी हाय पण जुळलेली हाय आन सड एक लहान एक मोठा. एक आन दोनमध्ये एक नंबरची भरलेली हाय अंगानं, पण ती पुढचा उजवा पाय जपून टाकतीया. पाय दुखणारी शेळी रानात मागं ऱ्हाती, मागं ऱ्हायली की चरत न्हाई, दूध कुठनं देणार. म्हणून दोन वर."

दीड मिनिटात झालं. आम्ही कुणीच तो पाय बघितला नव्हता. आबा उठले, एक नंबरच्या शेळीचा पाय गुडघ्यात दुमडून वर घेतला, दोन खुरांच्या मधे अंगठा दाबला तशी शेळीनं झटका दिला. बाभळीचा काटा. अर्ध्या बोटाएवढा, आत मोडलेला, वरनं नुसता काळा ठिपका दिसत होता. डॉक्टरांनी चिमट्यानं काढून औषध लावलं.

मग आमच्यातच वाद. मी म्हणाले क्रम बदला, पोरगी बरोबर आहे. डॉक्टर नाही म्हणाले, काटा हा शेळीचा दोष नाही, उद्या निघेल, बांधा तोच राहणार. मला राग आला होता खरं तर. पण मग त्यांनी मला न सांगता तिलाच बोलावलं आणि तिच्या उंचीला बसून हेच सगळं नीट समजावलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "खुराचं वाकडेपण असतं तर खाली जाईल, पर काटा निघाल्यावर ती वरच हाय. माझं चुकलं." क्रमाचे थोडे गुण गेले, जवळजवळच्या दोघींची अदलाबदल असल्यानं फार नाही गेले, कारणाला ५० पैकी ४८. निळी फीत. तिनं ती मनगटाला बांधलीय आणि जेवताना ओली होऊ नये म्हणून हात वर धरून जेवली.

चुकलं असं तिनं स्वतःहून म्हणणं मला त्या ४८ पेक्षा मोठं वाटतंय.

भाकरीची स्पर्धा पण झाली संध्याकाळी, मुलं-मुली दोघांना सक्तीची. मालदांडीचं पीठ, आपल्या मंगळवेढ्याची ज्वारी, तरी एका पोराची भाकरी थापतानाच कडेनं फाटायची, परत परत. बाकीचे हसायला लागले. त्यानं पीठ चिमटीत घेऊन बघितलं, म्हणाला पीठ विरी गेलंय, म्हणजे जुनं होऊन चिकटपणा गेलाय, आणि पाणी उकळवून त्यात उकड काढून मग थापली. टम्म फुगली. त्याला विचारलं कुठं शिकलास, तर म्हणे आई ऊसतोडीला जाते तेव्हा घरी मीच करतो.

बियाण्याचं राहिलंच. पहिल्याच दिवशी सगळ्यांना घरनं सोयाबीनचं बी आणायला सांगितलं होतं, १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. सहा-सात दिवसांत ७० च्या वर चांगले कोंब आले तर पेरायचं, कमी आले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं नाहीतर बीच बदलायचं. आठवीतल्या एकाचे वडील काल गेटपाशी येऊन म्हणाले, मॅडम आमचं घरचं बी हाय, वीस वर्षं पेरतोय, त्याला परीक्षा कशाला. पोरगं मान खाली घालून उभं होतं. मी फक्त म्हणाले, परवा सकाळी सहाला या, त्याच्यासोबत तुम्हीच मोजा. हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत.

त्याची गुंडाळी रांजणाजवळ ठेवलीय. आत्ता उठून बघितली, वरचं गोणपाट कोरडं पडलं होतं, तांब्याभर पाणी शिंपडलं. आतलं उघडून बघायचा लई मोह झाला पण नाही बघितलं, ते त्यानंच उघडायचंय. उद्या सकाळी सहाला.