तुम्ही विचारलंत म्हणून: या तबकड्या रेडिओवरच का?

इंटरनेट रेडिओवर जुन्या ध्वनिमुद्रिकांचा साप्ताहिक कार्यक्रम करू लागल्यापासून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. 'तुमच्याकडे इतक्या दुर्मीळ तबकड्या आहेत, त्या तुम्ही संगणकावर उतरवूनही घेतल्या आहेत, मग त्या फायली एकदाच सर्वांसाठी खुल्या करून मोकळे का होत नाही? आम्ही रात्री नऊची वाट का पाहत बसायचे?' परगावचे श्रोते हे संकोचाने विचारतात. पुण्यातले विचारतात तेव्हा उत्तर त्यांनी आधीच ठरवलेले असते आणि ते बहुधा 'यांना आपला खजिना सोडवत नाही' असे असते.

सुटकेचा सोपा मार्ग कायद्याचा आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. त्यामुळे 1930 च्या दशकातल्या तबकड्यांवरचा कंपन्यांचा हक्क केव्हाच संपला आहे. गाण्याच्या शब्दांचे आणि चालीचे हक्क मात्र वेगळे असतात आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालू राहतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 1948 साली गेले, तेव्हा त्यांच्या नाटकांतली पदे 2008 च्या अखेरीस मुक्त झाली. याउलट ना. घ. देशपांडे यांची जी कविता जी. एन. जोशी यांनी 1930 च्या दशकात गायली आणि जिच्यापासून मराठी भावगीताच्या तबकड्यांचे युग सुरू झाले असे मानले जाते, तिचे शब्द 2060 च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहेत, कारण कवी 2000 साली निवर्तले. म्हणजे एकाच तबकडीवर आवाज मोकळा आणि शब्द बांधलेले, अशी स्थिती असते. मी 1950 च्या अलीकडची तबकडी लावत नाही आणि जिथे शब्दांचे हक्क जिवंत आहेत तिथे परवानगी घेतो. पण ही परवानगी रेडिओलाही लागते आणि फाइल वाटायलाही लागते. म्हणून कायद्याचा आडोसा घेऊन तुमच्या प्रश्नाला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

खरे कारण असे आहे की आवाज त्याच्या माहितीपासून फार लवकर सुटतो, आणि एकदा सुटला की पुन्हा जोडणे जवळपास अशक्य होते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्यांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रणे करून गेला, तेव्हा तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये. तिथल्या कामगारांना ना गाण्याची भाषा कळत होती, ना गायिकेचे नाव. म्हणून गाणे संपता संपता कलावंताने स्वतःच आपले नाव सांगायचे अशी रीत पडली आणि गौहर जानने इंग्रजीत ठसक्यात उच्चारलेले स्वतःचे नाव आजही ऐकू येते. आता ज्यांना 'साफसफाई'ची हौस असते ते नेमका हाच भाग गाण्याबाहेरचा म्हणून कापून टाकतात. पुढे कोणीतरी ती फाइल उचलतो, तिला कृत्रिम घुमारा देतो, आकर्षक चित्र जोडतो आणि एखाद्या अधिक प्रसिद्ध गायिकेच्या नावावर ती खपवतो. अशी नावे बदललेली गाणी मी इतकी ऐकली आहेत की हल्ली नाव वाचण्याआधी आवाज ऐकतो. मास्टर दीनानाथांच्या किंवा बालगंधर्वांच्या बाबतीत निदान जाणकार चटकन चूक दाखवतात. ज्या गायिकेच्या दोन-तीनच तबकड्या निघाल्या तिची बाजू कोण घेणार? तिचे नाव लेबलवर 'मिस अमुक' एवढेच छापलेले असते, आणि तेही पुसट झालेले असते.

रेडिओवर गाणे एकटे जात नाही. आधी मी सांगतो की ही तबकडी कोणत्या कंपनीची आहे, लेबलवर काय छापले आहे, मधल्या कोऱ्या कड्यावर कोणता मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा कंपनीने दिलेला क्रमांक, कोरलेला आहे, कोणती गोष्ट नक्की आहे आणि कोणता केवळ माझा अंदाज आहे. मग साधारण सव्वातीन मिनिटांचे गाणे वाजते, कारण 10 इंची तबकडीच्या एका बाजूला जास्त मावतच नाही. त्यानंतर गायकाविषयी आणि साथीविषयी दोन शब्द बोलून मी तबकडी उलटतो. ऐकणाऱ्याला हे निवेदन नको असले तरी ते त्याच्या कानावर पडतेच. फाइलसोबत दिलेली टिपणे मात्र कोणी उघडत नाही. ज्यांना मी मागे फायली दिल्या त्यांच्याकडून पुढे त्या जिथे जिथे गेल्या, तिथे टिपणे कधीच पोहोचली नाहीत.

दुसरे कारण श्रोत्यांशी संबंधित आहे आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. अठ्ठ्याहत्तरची म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांनीच मुद्रित झालेली असते असे नाही. विशेषतः 1925 साली विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वीच्या काळात वेग बराच मागेपुढे होत असे. वेगात सुमारे 6 टक्के फरक पडला की पट्टी अर्ध्या स्वराने सरकते. एका नाट्यपदाची तबकडी अशीच संशयास्पद होती: 78 वर लावली की षड्ज, म्हणजे सा, पांढरी दोनमध्ये (पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर) येई, आणि 73 ते 74 च्या दरम्यान लावली की काळी एकमध्ये, म्हणजे तिच्या लगेच खालच्या काळ्या पट्टीवर. दोन्ही पट्ट्या गायकाला शक्य होत्या आणि साथीला ऑर्गन असल्यामुळे षड्ज कोणत्यातरी एका पट्टीवर नेमका बसायला हवा, एवढेच निश्चित होते. मी ती तबकडी कार्यक्रमात दोन्ही वेगांनी वाजवली आणि श्रोत्यांवर सोपवली.

आवाज जाड वाटतो, बारीक वाटतो, अशी बरीच मते आली. निर्णायक उत्तर आले सांगलीच्या एका वृद्ध ऑर्गनवादकांकडून. त्यांनी आवाजाकडे लक्षच दिले नव्हते. पहिल्या अंतऱ्यानंतर ऑर्गनवर मध्यमावरून शुद्ध गंधारावर येणारी एक छोटी हरकत आहे, आणि ती वेगळे बोट न उचलता एकाच बोटाने घसरवलेली ऐकू येते. त्यांचे म्हणणे असे की उंच असलेल्या काळ्या पट्टीवरून शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर बोट सहज घसरते, उलट पांढरीवरून काळीवर ते घसरत वर चढणार नाही. षड्ज काळी एक असेल तर मध्यम काळी तीनवर आणि गंधार पांढरी चारवर येतो, म्हणजे घसरता येते. षड्ज पांढरी दोन असेल तर मध्यम पांढरी पाचवर आणि गंधार काळी तीनवर जातो, म्हणजे घसरता येणार नाही. मी हेडफोन लावून ती जागा पुन्हा पुन्हा ऐकली आणि पटले. आज ती तबकडी आमच्या नोंदीत काळी एक अशी आहे आणि तिच्यापुढे या ऑर्गनवादकांचा युक्तिवाद लिहिलेला आहे.

हीच फाइल मी कुठेतरी ठेवली असती तर ती त्यांच्यापर्यंत कधी पोहोचली असती, कोण जाणे. त्यांना त्या गायकाचा शोध नव्हता. ते दुसऱ्याच एका गाण्यासाठी रेडिओ लावून बसले होते. आपण न मागितलेले गाणे कानावर पडणे, हा रेडिओचा गुण मला फाइलींच्या साठ्यात कुठे दिसत नाही. भीमसेन जोशी यांनी लहानपणी अब्दुल करीम खाँ यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी ऐकली आणि पुढे ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे; ती तबकडी दुसऱ्या कोणीतरी लावलेली होती. जे शोधायचे ते नाव आधी माहीत असावे लागते, आणि माझ्या संग्रहातली निम्मी नावे कोणाला माहीतच नाहीत.

तांत्रिक बाजूविषयीही विचारणा होते, म्हणून थोडक्यात सांगतो. लाँगप्लेची सुई 78 च्या रुंद खाचेत तळाशी जाऊन नुसती खरवडत राहते. या तबकड्यांना साधारण तिप्पट जाड टोकाची सुई लागते. खाच एका उंचीवर झिजलेली असेल तर किंचित कमी-अधिक जाडीची सुई तिच्या न झिजलेल्या भिंतीला टेकते आणि आवाज चकित करण्याइतका उजळतो. खरखर मी पूर्ण काढत नाही, कारण तिच्याबरोबर तंबोऱ्याची आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, आणि गळ्यातला श्वासही निघून जातो. स्ट्रीमिंग कमी दर्जाचे ठेवले तर ही उरलेली खरखर पाण्यात बुडबुडे यावेत तशी होते, म्हणून एकाच वाहिनीचा आवाज असूनही मी सेकंदाला 128 किलोबिटच्या खाली जात नाही. घरी तबकड्या असतील त्यांनी त्या स्पिरिटने कधीही पुसू नयेत. त्या लाखेच्या आहेत आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

या पद्धतीत उणिवा आहेतच. पुण्यात रात्रीचे नऊ म्हणजे न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे साडेदहा, तेव्हा तिकडचे मराठी श्रोते कामावर असतात; त्यांच्यासाठी रविवारी पुनःप्रसारण करतो. शिवाय मी उद्या नसलो तर काय, हा प्रश्न रास्त आहे. भास्करबुवा बखले यांनी 1911 साली याच शहरात भारत गायन समाज स्थापन केला, पण त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित स्वरूपात आपल्याला उपलब्ध नाही. जे मुद्रित झाले आहे ते माझ्या कपाटात अडकून नष्ट व्हावे असे मला मुळीच वाटत नाही. म्हणून प्रत्येक तबकडीची न छाटलेली, न सुधारलेली प्रत, लेबलच्या छायाचित्रासह आणि माझ्या टिपणासह, दोन जाणकार संग्राहकांकडे ठेवलेली आहे. गायकाच्या कुटुंबीयांना, अभ्यासकांना आणि संस्थांना मी प्रत विनामूल्य देतो. कधी कधी एखादा नातू येतो, ज्याने आजीचा आवाज कधी ऐकलेलाच नसतो. त्याला मी वाट पाहायला लावत नाही.

इतरांनी मात्र नऊ वाजता यावे. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी तबकडी दिसली, किंवा पेठेतला वाडा पाडताना माळ्यावर पेटी सापडली, तर रद्दीत देण्याआधी लेबलचे आणि मधल्या कोऱ्या कड्याचे, तिरप्या उजेडात काढलेले छायाचित्र पाठवावे. क्रमांक सरळ उजेडात दिसत नाही.