मायनर आणि ए-३५ : इंजिन एकच, गाड्या दोन

मॉरिस मायनर १००० या जुन्या ब्रिटिश गाडीच्या पुढच्या चाकांचं काम मार्गी लागलं. दोन्ही बाजूंचे खालचे ट्रनियन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ते आट्यांचे सांधे, नवे घातले. डावीकडच्या आट्या जवळजवळ गुळगुळीत झाल्या होत्या. मायनर बघायला जाल तर आधी इथे हात घाला, पत्रा आणि क्रोम नंतर. ग्रीस वेळेवर मिळालं नाही की या आट्या झिजतात, सांधा निसटतो आणि पुढचं चाक दुमडून गाडी रस्त्यावर बसते.

शेजारी जॅकवर मित्राची ऑस्टिन ए-३५. दोघींत ९४८ सीसीचं ए-सिरीज इंजिन. मुळात हे घराणं ऑस्टिनचं, ८०३ सीसीचं, ए-३० मधलं. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) छत्राखाली आल्या आणि मायनरचं ९१८ सीसीचं जुनं साइड-व्हॉल्व्ह इंजिन जाऊन तिथे हे आलं. आमचा फायदा असा की टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, दोघींचा बारा थाउ (इंचाचे बारा हजारांश), त्यामुळे ती मोजायची पट्टी, फीलर गेज, तोच. कार्ब्युरेटर तेवढे वेगळे, मायनरला एसयू, ए-३५ ला झेनिथ. ताकद ३७ विरुद्ध ३४ अश्वशक्ती, पण ऑस्टिन हलकी असल्यामुळे चढावर मागे पडत नाही.

वेळ खाल्ला तो ए-३५ च्या मागच्या ब्रेकनी. पुढचे ब्रेक हायड्रॉलिक. मागच्यांसाठी मात्र गाडीच्या पोटाखाली एकच सिलिंडर, आणि तिथून सळ्या ओढून ड्रमपर्यंत जोर पोचवायचा. एखादी पिन जरा जरी झिजली की पेडल लांब जातं. नुसती ब्रेकच्या तेलातली हवा काढत बसून काही होत नाही. सगळ्या पिना बदलल्यावर आता दोन्ही चाकं सारखी धरतात. मायनरचे चारही ब्रेक हायड्रॉलिक, तिथे ही कटकट नाही.

वळणावर तर तुलनाच नको. मायनरचं रॅक-पिनियन स्टिअरिंग १९४८ पासूनचं, ए-३५ चं कॅम-पेग पद्धतीचं, आणि मधोमध थोडा प्ले (ढिलेपणा) राहतोच. शिवाय ऑस्टिन अरुंद. मायनरही अरुंदच होणार होती. तिचे डिझायनर ॲलेक इसिगोनिस यांनी नमुन्याची गाडी उभी चिरून चार इंचांनी रुंद करून पाहिली. बॉनेटच्या मधली सपाट पट्टी ही त्याचीच खूण. दुरुस्तीसाठी ॲम्बॅसेडरखाली झोपलेल्यांना मायनरचं पुढचं सस्पेन्शन परकं वाटणार नाही. तिथेही स्प्रिंगचं काम करणारी, पीळ घेणारी सळी, म्हणजे टॉर्शन बारच.

माझा कौल मायनरला. एका गोष्टीसाठी मात्र इसिगोनिसना माफी नाही. ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चेसिसच्या पोकळीत, आणि त्याचे बोल्ट बाहेर काढताना टॉर्शन बार आडवा येतो. म्हणून उजवीकडचा बार अजून चढवलेला नाही. सील किट आलं की आधी सिलिंडर खोलणार, मग बार.