मागच्या दारातून घरी

आमच्या फॉर्मवर पहिलाच रकाना असतो : मुख्य काळजीवाहक, नाव आणि नातं. वाई तालुक्यातल्या त्या घरी मी तिथं ‘सून’ असं लिहून पुढं सरकले. दार सुनेनं उघडलं, पाणी तिनं दिलं, आजींच्या औषधांची फाईलही तिनंच आणून ठेवली. नऊ वर्षं हे काम केल्यावर हात आपोआप तेच लिहितो.

डिमेन्शिया झालेल्या वृद्धांच्या घरी जाऊन, त्यांचं करणाऱ्यांवर किती ताण पडतो याची नोंद घेणं हे माझं काम. गावात याला डिमेन्शिया कुणी म्हणत नाही. ‘म्हातारचळ लागलंय’ म्हणतात आणि विषय तिथंच थांबतो. २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. त्यातले बहुतेक कुठल्या संस्थेत नाहीत, अशाच घरांत आहेत. म्हणून घरी जावं लागतं.

मार्च महिना होता. परड्यात हळद शिजत होती आणि तिचा वास ओसरीपर्यंत येत होता. आधी आजींची चाचणी झाली. शाळेत न गेलेल्या माणसाला वाचायला-लिहायला लावणारी चाचणी देऊन उपयोग नसतो. हरियाणातल्या बल्लभगडला संशोधकांनी नव्वदच्या दशकात अशा माणसांसाठी वेगळी चाचणी बसवली, तिच्या धर्तीवर आम्ही विचारतो. तारीख न विचारता सकाळ की संध्याकाळ असं विचारायचं. वाक्य लिहून घेण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा’ म्हणायचं. आजी बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “घराम्होरं चिंच हाय.” त्या घरासमोर चिंच नव्हती. ती माहेरी होती, असं सून हळूच म्हणाली.

मग सुनेचे बावीस प्रश्न. काळजीवाहकाचा भार मोजायची झरिट यांची ही प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, सगळे मिळून ८८. त्यांच्यामुळे स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का? त्यांच्या वागण्याची लाज वाटते का? त्यांच्याजवळ असताना राग येतो का? सून एकेका प्रश्नाला ‘न्हाई’ म्हणत गेली. बेरीज नऊ.

मला ते खरं वाटलं नाही. सासू आत बसलेली असताना कुठली सून ‘हो, मला ओझं होतं’ म्हणेल? अशा खोट्या ‘नाही’ मी शेकड्यानं ऐकल्यात आणि त्यांच्यामागचं रडणंही नंतर विहिरीवर, एसटीच्या थांब्यावर ऐकलंय. म्हणून चहा होईपर्यंत थांबले आणि चुलीपाशी जाऊन म्हटलं, “वहिनी, आता कुणी नाही. खरं सांगा.”

ती गोंधळली. “खरंच सांगितलं की मॅडम. आत्याबाईंचं समदं भावजी बघत्यात. अंघोळ, शी-शू, जेवान. मी निस्ता स्वयपाक करती.”

हे भावजी म्हणजे आजींचा थोरला मुलगा, वय सेहेचाळीस. मी आल्यापासून तो गोठ्याच्या कडेला शेंगा फोडत बसला होता. माझ्या फॉर्मवर त्याची नोंद झाली होती, पण वेगळ्या पानावर : कुटुंबातील इतर आजारी व्यक्ती, स्किझोफ्रेनिया, उपचार चालू. चोविसाव्या वर्षी आजार सुरू झाला. तीन वर्षं देवऋषी, अंगारे, कुलूपबंद खोली. मग जिल्ह्याच्या रुग्णालयात गोळ्या सुरू झाल्या, त्या आजतागायत. लग्न झालं नाही, नोकरी टिकली नाही. घरच्यांच्या आणि माझ्याही हिशेबात तो सांभाळायचा माणूस होता.

सहाच्या सुमाराला आजी उठल्या. पदर खोचला आणि दाराकडं निघाल्या. “घरी जायाचं. दिस मावळला, आई वाट बघत आसंल.” डिमेन्शियात ही वेळ कठीण असते. उजेड उतरला की अस्वस्थपणा वाढतो. बहुतेक घरांत यावेळी मोठा आवाज चढतो : आई, हेच तुमचं घर! तुमची आई जाऊन चाळीस वर्षं झाली! मग रडारड, कधी मारहाणही.

त्यानं हातातली पाटी खाली ठेवली. “चल आई, सोडतो तुला.” चपला तिच्या पायात घातल्या, मागच्या दारानं बाहेर काढलं. मी थोडं अंतर ठेवून गेले. गोठ्याला वळसा, मारुतीचं देऊळ, पारावर दोन मिनिटं टेकणं, तिथं माहेरच्या म्हशींची चौकशी. मग बोळातून वळून आपल्याच घराच्या पुढच्या दाराशी. “आलं बघ घर.” आजींनी उंबऱ्यावर हात टेकला, सुटल्यासारखा श्वास सोडला आणि आत जाऊन बसल्या. सगळं मिळून वीस मिनिटं.

आम्हाला प्रशिक्षणात हे शिकवलं होतं. रुग्णाचं म्हणणं खोडून काढू नका, त्यामागची भावना धरा. स्लाइड होत्या, दुपारभर सराव होता, तरीही प्रत्यक्षात मला ते कितीदा जमलेलं नाही. त्याला विचारलं, हे कुणी शिकवलं?

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मला आवाज यायचं मॅडम. समदी म्हनायची, कुठं हाय आवाज, काय बी न्हाई. मला तर ऐकू यायचं. त्यांनी न्हाई म्हटल्यानं आवाज थांबत न्हवतं, आपुन एकटं पडायचो फकस्त. मग आईला कसं म्हनू, तुझं घर न्हाई म्हनून?”

आवाज अजूनही येतात का, हे मी विचारलं. “कधीमधी. पन आता ती बोलत्यात तवर मी आईचं काम उरकतो.” मग त्यानं गोळ्यांचा डबा दाखवला. एका बाजूला त्याच्या, दुसऱ्या बाजूला आईच्या बीपीच्या. दर सोमवारी तो दोन्ही मोजतो.

मानसिक आजारातून सावरणं म्हणजे लक्षणं पूर्ण जाणं नव्हे, हे संशोधनानं कधीच मांडलंय. २०११ साली इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी ९७ लेख चाळून सावरण्याचे पाच धागे काढले : माणसांशी जोडलेपण, आशा, स्वतःची ओळख, जगण्यातला अर्थ आणि आपल्या आयुष्याची सूत्रं आपल्या हाती. हे पाचही माझ्यासमोर शेंगा फोडत बसले होते आणि माझ्या फॉर्मवर त्यांना जागा नव्हती. नुसती जागा नव्हती असंही नाही. आमच्या अभ्यासाच्या निकषांत स्पष्ट लिहिलं होतं : काळजीवाहकास गंभीर मानसिक आजार असल्यास कुटुंब वगळावे.

मी तिथूनच पर्यवेक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, सूनच मुख्य काळजीवाहक धर, बेरीज नऊ तर नऊ, नियम आपण मधेच बदलू शकत नाही. नियमाचं कारण मला कळतं. पण नऊ हा आकडा त्या घराबद्दल खोटं सांगत होता. ‘या घरात भार नाही’ असं तो म्हणणार आणि तो भार ज्यानं उचलला त्याचं नाव कुठंच असणार नाही. सातारा जिल्हा या कामाला नवखा नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना गावपातळीवरच्या साध्या कार्यकर्त्यांनी मदत करण्याचा जो अभ्यास २०१४ साली छापून आला, त्याच्या तीन ठिकाणांपैकी एक सातारा होतं. गोव्यात २००८ साली ८१ कुटुंबांच्या अभ्यासात स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन डिमेन्शियाच्या काळजीवाहकांना आधार दिला, तेव्हा त्या काळजीवाहकांची मनःस्थिती सुधारली. दोन्ही अभ्यास मला पाठ आहेत. पण एकाचा रुग्ण दुसऱ्याचा काळजीवाहक असू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

फॉर्म तसाच पाठवला, सोबत चार पानी टिपण जोडलं. नैतिकता समितीपर्यंत तो विषय गेला. दोन महिन्यांनी उत्तर आलं : आकडेवारीत घेता येणार नाही, मात्र त्यांची स्वतंत्र सविस्तर मुलाखत घ्यावी.

जूनमध्ये पुन्हा गेले, पाऊस नुकता लागला होता. संमतिपत्र त्याला वाचून दाखवलं. त्यानं दोन परिच्छेद पुन्हा वाचायला लावले. मग विचारलं, “भावाला बोलावू का? आमच्या कागदावर सही त्योच करतो.”

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ९९ व्या कलमानुसार संशोधनासाठी खुद्द त्या व्यक्तीची संमती लागते. “सही तुमचीच लागेल दादा,” मी म्हटलं. “नको वाटलं तर नाही म्हणा, काही बिघडत नाही.”

त्यानं पेन हातात घेतलं, जरा वेळ धरून बसला, मग पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मी रेकॉर्डर सुरू करणार तोच आतून चपला शोधल्याचा आवाज आला. तो उठला. मी रेकॉर्डर बंद केला, छत्री उघडली आणि दोघांच्या मागोमाग मारुतीच्या देवळाकडं निघाले. मुलाखतीला बसलो तेव्हा पावणेसात वाजून गेले होते. आजी तोवर घरी पोहोचल्या होत्या.