टोचणारा कार्बन

सकाळी दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर केलं तेव्हा फरशीवाले मामा मार्बल कटर पिशवीत घालून दारात उभेच होते. "आर्मेचर गेलंय म्हणाला एक जण. नवं टाकायला सांगतोय." आर्मेचर म्हणजे मोटारीतला तारा गुंडाळलेला फिरता भाग. साइटवर जिन्याच्या पायऱ्या अर्धवट राहिलेल्या, त्यामुळे मशीन दुपारपर्यंत हवं.

"धूर आला होता का? जळका वास?"

"काहीच नाही. कापता कापता लाईट गेल्यासारखं गप्प झालं."

हे उत्तर मी नीट ऐकायला हवं होतं. आर्मेचर जळतं तेव्हा सहसा बोभाटा करून जळतं. आधी त्याच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे कम्युटेटरवर, ठिणग्यांचं कडं दिसतं, मग वार्निशचा उग्र वास दिवसभर नाकातून जात नाही. इथं तसलं काहीच नव्हतं.

सिरीज लॅम्प, म्हणजे मशीनच्या वाटेत जोडलेला तपासणीचा बल्ब, लावून बटण दाबलं. बल्ब पेटला नाही. म्हणजे कुठेतरी सर्किट तुटलंय. या मशीनमध्ये फील्ड (बाहेरच्या स्थिर कॉइल), कार्बन (कम्युटेटरला टेकून करंट पोचवणारे तुकडे), आर्मेचर सगळं एकाच माळेत असतं, त्यामुळे एक मणी निखळला की मोटार गप्प. वायर रबरी बाहीपाशी आत तुटते हा नेहमीचा अनुभव, म्हणून ती वाकवून, पिळून मीटरवर बघितली. दोन्ही तारा सलग. स्विच उघडला तर आत दगडाची पांढरी भुकटी आणि काळे पडलेले पॉइंट. सापडला चोर म्हणून, मीटर न लावताच, नवा स्विच बसवला. बल्ब तरीही गप्प.

मामा घड्याळाकडे बघायला लागले तसा माझा जीव खालीवर. फील्डच्या दोन्ही कॉइल ठीक. आर्मेचर बाहेर काढून कम्युटेटरच्या शेजारशेजारच्या पट्ट्या मोजत एक फेरी मारली, रीडिंग सगळीकडे सारखं. कार्बन तर मी सुरुवातीलाच झाकणं खोलून बघितले होते: सहाएक मिलिमीटर उरलेले, स्प्रिंग ताठ. यापेक्षा झिजलेल्या कार्बनवर मी ड्रिल चालवलेत, म्हणून त्यांच्यावर संशयच घेतला नाही.

हाताखालचा बारक्या ते कार्बन पुसत होता. "दादा, याच्या तोंडाला काहीतरी टोचतंय."

उजेडात धरलं. ज्या गोल बाजूनं कार्बन कम्युटेटरला टेकतो, तिथून प्लास्टिकची बारीक पांढरट पिन बाहेर आली होती. ऑटो-स्टॉप कार्बन! त्याच्या पोटात स्प्रिंगवर दाबून बसवलेली पिन असते. कार्बन ठरावीक मापापर्यंत झिजला की ती बाहेर येऊन त्याला कम्युटेटरपासून उचलून धरते. प्लास्टिकमधून करंट जात नाही, मशीन जागेवर बंद. कम्युटेटर खरवडला जाऊ नये म्हणून केलेली सोय. मला ही गोष्ट माहीत नव्हती असंही नाही, पण तासभर आठवली नाही.

त्याच मापाची नवी जोडी घातली. आधी पाती काढून मोकळं फिरवलं. थोड्या ठिणग्या उडाल्या, कार्बन बसत गेले तशा कमी झाल्या. मामांना सांगितलं, आज एकदम जोर देऊ नका. आर्मेचरच्या मानानं कार्बनचा खर्च म्हणजे चहापाणी, त्यामुळे मामा खुशीत.

"आणि स्विचचे किती?"

"राहू द्या."

त्यांनी पाठ फिरवल्यावर जुना स्विच मीटरवर लावला. व्यवस्थित वाजत होता, म्हणजे चांगलाच होता. बारक्यानं काही न बोलता तो ब्रशनं साफ केला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.