आमची वाटचाल: कर्ण्यांपासून लाइव्ह सेटपर्यंत

वडिलांचा पुण्यात कर्णे-माईक भाड्याने देण्याचा धंदा होता. गणपती, लग्नं आणि चैत्रात गावोगावच्या जत्रांतले ऑर्केस्ट्रा. इलेक्ट्रॉनिक वाद्यं स्टेजवर लाइव्ह वाजताना मी पहिल्यांदा पाहिली ती तिथेच. रोलँड कंपनीचं ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, १९८५ साली आलं आणि आपल्या वादकांनी ते असं उचललं की ढोलकी, ताशा, बाँगो एकाच माणसाच्या दोन काठ्यांखाली आले. या वादकांबद्दल मला मनापासून आदर आहे. लाइव्ह सेट, लाइव्ह सेट म्हणतात तो, म्हणजे तयार गाणी न लावता इलेक्ट्रॉनिक वाद्यं स्टेजवरच वाजवणं, आमच्या भागात त्यांनी कधीच रुजवला होता.

धंदा माझ्या हाती आला तेव्हा मागणी डीजेंची होती. २००७ साली गोव्यात कांदोळीला सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव सुरू झाला, २०१६ मध्ये तो पुण्यात आला. डीजेसाठी सामान ठरलेलं: दोन ते चार सीडीजे (गाणी लावायचे डीजेचे प्लेअर), मध्ये मिक्सर, बाजूला बूथ मॉनिटर, म्हणजे डीजेला स्वतःला ऐकू यावं म्हणून लावलेला स्पीकर. आमच्या कन्सोलला, म्हणजे सगळे आवाज एकत्र करायच्या टेबलाला, डावं-उजवं असे दोनच चॅनल येतात. एक डीजे उतरतो, दुसरा पेनड्राइव्ह लावतो, गाणं थांबतही नाही.

लाइव्ह सेटवाल्याकडे ड्रम मशीन, सिंथ (सिंथेसायझर), लॅपटॉप, कधी माईक. किक (ड्रमचा मुख्य ठोका) वेगळी, बेस वेगळा, आवाज वेगळा. डझनभर चॅनल सहज होतात. सगळी यंत्रं मिडी क्लॉकवर, म्हणजे एका यंत्राने बाकीच्यांना पाठवलेल्या ठेक्याच्या इशाऱ्यावर, एका लयीत बांधलेली. लॅपटॉप आवाज बाहेर सोडण्याआधी त्याचा थोडा तुकडा साठवून घेतो, तो बफर. तो १२८ सॅम्पलवर असेल तर साधारण ३ मिलिसेकंदांचा उशीर होतो, तो कळत नाही. लॅपटॉप दमतो म्हणून बफर १०२४ वर नेला की उशीर २३ मिलिसेकंदांवर जातो आणि वाजवणाऱ्याचा हात लगेच अडखळतो.

एका मैदानावर जनरेटरवर शो होता. कलाकाराने चार्जर लावला की स्पीकरमधून घूंऽऽ, काढला की शांत. अर्थिंगचा लूप, म्हणजे यंत्रं एकापेक्षा जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याने येणारी गुणगुण. आमच्या पोरांनी स्टेजवरच्या सगळ्या यंत्रांची वीज एकाच बोर्डावरून घेतली, सिंथ आणि लॅपटॉपच्या लाइनमध्ये ट्रान्सफॉर्मरवाले डीआय बॉक्स (वाद्य आणि कन्सोल यांच्यात लावायची, विजेची थेट जोडणी तोडणारी डबी) घातले, आणि घूं गेली. तेव्हापासून डीआयची पेटी आमच्या गाडीत कायम असते.

यावरून कोणी डीजेला कमी लेखलं तर मला ते अजिबात पटत नाही. गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावरचे नावाजलेले डीजे गोवा गिल डॅट कॅसेटवर, म्हणजे डिजिटल टेपवर, वाजवायचे. त्यात वेग कमी-जास्त करायची सोय नाही, म्हणून दोन गाण्यांचे ठेके जुळवणंही नाही. कशानंतर काय लावायचं आणि पहाटेपर्यंत लोकांना कुठे न्यायचं, सगळी कला त्यातच. समोरची गर्दी बघून पुढचं गाणं बदलणारा डीजे मी तासन्‌तास ऐकू शकतो.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. पोस्टरवर ‘लाइव्ह’ छापायचं आणि स्टेजवर आधीच मिक्स केलेली फाइल सोडायची, ही तिकीट काढणाऱ्याची फसवणूक आहे. आयोजकही अनेकदा डीजे आणि लाइव्ह सेट, दोन्हींना तयारीला सारखाच वेळ देतात. डीजे दहा मिनिटांत उभा राहतो. लाइव्ह सेटला नीट साउंड चेक लागतोच, आणि तो दुपारीच उरकायला हवा, कारण रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो.

म्हणून आता बुकिंग घेतानाच आम्ही कलाकाराकडून चॅनलची यादी मागवतो. लाइव्ह असेल तर दुपारपासून स्टेज आमच्या ताब्यात हवा, आणि साउंड चेकचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लिहिलेले असतात. काही आयोजक यावर अडून बसतात. त्यांची कामं आम्ही सोडली. उरलेली कामं वर्ष भरायला पुरतात, आणि ऑर्केस्ट्राचे जुने ऑक्टोपॅडवाले त्यांची पोरं आमच्याकडे साउंड शिकायला पाठवतात.