विकतचा अँटिव्हायरस घ्यावा का? घरच्या दोन कॉम्प्युटरवर केलेली तपासणी

निर्णय दोन कॉम्प्युटरसाठी करायचा होता. लॅपटॉप विंडोज 11 चा, 8 जीबी रॅम, एसएसडी. त्यावर एका कंपनीचा अँटिव्हायरस नवीन घेतानाच टाकलेला होता आणि त्याची 30 दिवसांची ट्रायल संपली होती. डेस्कटॉप विंडोज 10 चा, 4 जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. त्याला झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेले पेन ड्राइव्ह सतत लागतात आणि इंटरनेट मधूनमधून जातं. दोन्हींसाठी एकच उत्तर निघेल असं सुरुवातीला वाटत होतं. तसं झालं नाही.

पैशांचा विचार करण्याआधी पाहिलं की या क्षणी पहारा कोण देतंय. विंडोजमधलंच 'विंडोज सिक्युरिटी' हे ॲप उघडून डावीकडे सगळ्यात खाली 'सेटिंग्ज', तिथे 'मॅनेज प्रोव्हायडर्स'. लॅपटॉपवर अजूनही त्या संपलेल्या ट्रायलचंच नाव होतं आणि मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, म्हणजे विंडोजबरोबर फुकट येणारा अँटिव्हायरस, बंद होता. दुसरा अँटिव्हायरस विंडोजकडे स्वतःची नोंद करतो तेव्हा डिफेंडर आपोआप बाजूला होतो. मुदत संपली तरी ती नोंद लगेच निघतेच असं नाही. मग नव्या व्हायरसची माहिती न मिळणारा अँटिव्हायरस खुर्ची अडवून बसतो, आणि घरातल्या सगळ्यांना वाटतं की संरक्षण चालू आहे. माझ्या मते 'फुकट की विकत' या प्रश्नापेक्षा ही अवस्था जास्त धोक्याची आहे.

तो मुदत संपलेला अँटिव्हायरस काढण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी सेटिंग्जमधल्या 'ॲप्स'मधून अनइन्स्टॉल, मग रीस्टार्ट, मग त्याच कंपनीच्या साइटवरून तिचं खास रिमूव्हल टूल घेऊन चालवायचं, पुन्हा रीस्टार्ट. नुसत्या अनइन्स्टॉलने ड्रायव्हर आणि नेटवर्कचे फिल्टर मागे राहू शकतात. काढल्यानंतर इंटरनेटच बंद पडलं, तर बहुतेक वेळा हे फिल्टरच कारण असतात. 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'मधल्या 'नेटवर्क रीसेट'ने ते सुटतं. फक्त वायफायचा पासवर्ड आधी लिहून ठेवावा, कारण तो पुन्हा टाकावा लागतो. ब्राउझरमध्ये त्याचं एक्स्टेन्शन राहिलंय का आणि सर्च इंजिन बदललंय का, तेही पाहिलं.

डिफेंडर जागेवर आल्यावर त्याच्या सेटिंग्ज तपासल्या. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' उघडलं की रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन, ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन आणि टॅम्पर प्रोटेक्शन हे चारही चालू हवेत. 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मधल्या 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'खाली नको असलेली ॲप अडवण्याचा पर्याय आहे, तोही चालू ठेवला. फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर येणारे टूलबार तिथेच अडतात.

'मॅनेज सेटिंग्ज'च्या पानावर खाली 'एक्स्क्लूजन्स' आहे, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागांची यादी. ही यादी प्रत्येकाने एकदा उघडून पाहाच, अशी माझी कळकळीची विनंती आहे. विंडोज किंवा ऑफिस फुकट ॲक्टिव्हेट करून देणारी क्रॅक टूल्स पुष्कळदा स्वतःचं फोल्डर, कधी अख्खा सी ड्राइव्हच, या यादीत टाकून जातात. मग डिफेंडर चालू दिसतो, पण तिथे बघतच नाही. यादीत आपण स्वतः न टाकलेलं काही सापडलं, तर ते काढून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवायचा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधी हा स्कॅन चालतो, साधारण पंधरा मिनिटं लागतात, त्यामुळे उघडं काम आधी सेव्ह करून घ्यावं. क्रॅक केलेल्या विंडोजवर महागातला अँटिव्हायरस टाकण्याने फारसं काही साधत नाही, कारण दार आतूनच उघडून दिलेलं असतं.

रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, अडवण्यासाठी 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' आहे, पण तो मुळात बंद असतो. चालू केला की अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरमध्ये काही बदलता येत नाही. फोटो डी ड्राइव्हवर ठेवत असाल तर ते फोल्डर हाताने जोडावं लागतं. अडचण अशी की जुनी हिशेबाची सॉफ्टवेअर किंवा स्कॅनरचे प्रोग्रॅमही अडतात, आणि संदेश भलताच येतो: 'फाइल सापडली नाही'. तेव्हा संपूर्ण सोय बंद करू नये. 'अलाउ ॲन ॲप'मध्ये जाऊन 'रीसेंटली ब्लॉक्ड ॲप्स'मधून तेवढ्या प्रोग्रॅमला परवानगी द्यावी. दुसरा अँटिव्हायरस टाकला की ही सोय चालत नाही, हे निवड करताना लक्षात हवं.

पहारा खरंच जागा आहे का, हे आयकार चाचणी फाइलने पाहता येतं. 68 अक्षरांची ती निरुपद्रवी मजकूर फाइल आहे आणि जवळपास सगळे अँटिव्हायरस ती मुद्दाम व्हायरस समजून अडवतात. त्यातून अँटिव्हायरस चालू आहे एवढंच कळतं; तो किती चांगला हे कळत नाही.

त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा पाहाव्यात. जर्मनीतली एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी 6 असे 18 गुण देते, आणि डिफेंडरने तिथे अनेकदा पूर्ण 18 मिळवले आहेत. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज मात्र एक वेगळा आकडा देते, आणि माझा निर्णय त्यावरच फिरला: इंटरनेट नसताना किती व्हायरस ओळखले. डिफेंडर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारण्यावर, बराच विसंबून असल्याने इथे तो चांगल्या स्पर्धकांच्या मागे पडतो. सतत इंटरनेट असलेल्या लॅपटॉपला याने फरक पडत नाही. इंटरनेट जाणाऱ्या आणि सतत पेन ड्राइव्ह लागणाऱ्या डेस्कटॉपला पडतो.

म्हणून लॅपटॉपवर डिफेंडरच ठेवला आणि विकतचा अँटिव्हायरस फक्त डेस्कटॉपसाठी पाहिला.

दुसऱ्या कंपन्यांच्या फुकट आवृत्त्याही पाहिल्या. नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावं आता जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत, त्यामुळे त्यांच्यात जिवापाड तुलना करण्यात वेळ घालवला नाही. फुकट आवृत्तीचा खर्च कुठून निघतो, हे विचारणं गरजेचं आहे. अवास्टच्या उपकंपनीमार्फत ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती विकली जात होती. ती उपकंपनी 2020 मध्ये बंद झाली आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती वेगळ्या कामाची आहे: ट्रायल संपल्यावर ती सतत पहारा देत नाही, आपण सांगू तेव्हाच स्कॅन करते. डिफेंडरच्या जोडीला दुसरं मत म्हणून ती चालते. सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना पकडतात आणि कॉम्प्युटर गोगलगायीसारखा होतो.

डेस्कटॉपसाठी आधी विंडोज बघितलं. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नोंदणी केली की 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे लागत नाहीत. हे आधी केलं, कारण विंडोजमधली भोकं कुठलाच अँटिव्हायरस बुजवत नाही.

मग ट्रायल टाकून मोजमाप केलं. ट्रायलआधी आणि नंतर, प्रत्येकी तीनदा: सुरू झाल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंतचा वेळ, एकच 2 जीबी फोटोंचं फोल्डर कॉपी व्हायला लागणारा वेळ, आणि काही न करता टास्क मॅनेजरमध्ये दिसणारी मेमरी. पहिलं मोजमाप सोडून द्यावं. नव्या अँटिव्हायरसला फाइली ओळखून घ्यायला एक-दोन दिवस लागतात. 4 जीबी रॅमवर व्हीपीएन, ट्यून-अप, पासवर्ड मॅनेजर असलेली 'टोटल' आवृत्ती अजिबात घेऊ नये. सगळ्यात साधी आवृत्ती पुरते, व्हायरस पकडणारं इंजिन सहसा तेच असतं. मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी पैसे देणार असाल, तर आधी मायक्रोसॉफ्टची फॅमिली सेफ्टी वापरून पाहावी, ती फुकट आहे.

आपल्याकडे पुण्याची क्विक हील, मुंबईची ईस्कॅन, चेन्नईची के7 असे देशी पर्याय आहेत. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र बॉट (कॉम्प्युटर दुरून दुसऱ्याच्या ताब्यात देणारे व्हायरस) काढणारी टूल्स फुकट देतं, ती याच तीन कंपन्यांची आहेत. कुठल्याही कंपनीचं घेताना खरेदीआधीच तिच्या मदत क्रमांकावर फोन करावा. क्रमांक कंपनीच्या साइटवरून किंवा खोक्यावरून घ्यावा, गूगलवर शोधून नाही; तिथे भामट्यांचे क्रमांक वर येतात. फोनवर मराठीत समजावणारा माणूस मिळतो का, हे घरातल्या ज्येष्ठांसाठी मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि पैसे देण्याचं ते एक प्रामाणिक कारण आहे.

ऑनलाइन दिसणारी सवलत बहुधा पहिल्या वर्षापुरतीच असते. पुढच्या वर्षी पूर्ण किंमत आपोआप कापली जाते. पैसे भरले त्याच दिवशी यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द केलं आणि मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधीची आठवण लावली. मुदत संपल्याचे पॉप-अप ब्राउझरच्या कोपऱ्यात आले तर ते खोटे समजावेत. बहुतेक वेळा कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमधून ती काढली की ते थांबतात. खरी मुदत अँटिव्हायरस स्वतः उघडूनच पाहायची.

डेस्कटॉपला पेन ड्राइव्ह लावला की उघडण्याआधी उजवी क्लिक करून स्कॅन, आणि फाइल एक्स्प्लोररमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन्स (नावाच्या शेवटचं .pdf, .exe वगैरे) दिसतील अशी व्यवस्था, एवढं घरात सगळ्यांना शिकवलं. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर त्यांवर क्लिक करायचं नाही. खऱ्या फाइली बहुधा तिथेच लपवलेल्या असतात. फोटो आणि कागदपत्रं महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवतो आणि ती लगेच काढून कपाटात ठेवतो. जोडलेली राहिली, तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतं.