पळते मी, दमतं घर

सोमवार, रात्रीचे साडेनऊ

आज दिवसभर जिना उलटा उतरले. कठड्याला धरून, एकेक पायरी. ऑफिसातल्या शिपाईमामांनी विचारलं, "मॅडम, पडलात का कुठं?" काल सातारा हिल हाफ मॅरेथॉन होती म्हटल्यावर हसले. अंतर तेच, २१.१ किलोमीटर, पण इथं खरा मामला घाटाचा. समर्थ मंदिर मागं पडलं की यवतेश्वरचा चढ लागतो आणि संपता संपत नाही. लोकांना वाटतं, चढानं पाय धरतात. चढ फक्त दम काढतो. वरून वळून तोच घाट उतरताना मांडीचा स्नायू एकीकडं ताणला जातो आणि त्याच वेळी सगळ्या अंगाचा भारही पेलतो. त्यात त्याचे बारीक तंतू दुखावतात, आणि हे दुखणं जोर धरतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे उद्या अजून मजा आहे.

मेडल कपाटाच्या मुठीला अडकवलंय. फोटो टाकल्यापासून अभिनंदनाचे मेसेज येतायत. त्यातले निम्मे तरी चुकीच्या पत्त्यावर आलेत.

पहिला पत्ता सासूबाईंचा. साताऱ्याचा पावसाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको, इथं कपडे वाळायची मारामार, तिथं बुटांचं काय! पळून आले की बूट दारात काढायचे, आंघोळ, आवराआवर, ऑफिस. संध्याकाळी बघावं तर बूट जागेवर नसतात. आईंनी ते न्हाणीघरात नेऊन तळवे घासलेले असतात, आतल्या गाद्या काढून वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि कालच्या पेपरचे बोळे करून बुटांत ठासलेले असतात. दुपारची वामकुक्षी झाली की ओले बोळे काढून कोरडे भरायचे. मग बूट फ्रिजच्या मागं, जिथं गरम हवा लागते तिथं. हे सगळं करताना तोंड चालूच. "पायताणाची एवढी सेवा मी माझ्या सासऱ्याच्याबी केली न्हाई." नाहीतर, "एवढं पळून शेवटी घरीच येतीस न्हवं? मग जातीस कशाला?" याला माझ्याकडं आजतागायत उत्तर नाही.

आईंचं माहेर माण तालुक्यातलं. मोहीच्या ललिता बाबरचं नाव निघालं की मात्र सूर बदलतो. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलमध्ये ती दहावी आली, तेव्हा स्टीपलचेस म्हणजे काय हे ठाऊक नसताना आईंनी गल्लीभर सांगितलं होतं, आमच्या दुष्काळी भागातली पोर म्हणून. मला एकदा म्हणाल्या, "तिला बक्षीस मिळतं. तुला काय मिळतं?" म्हटलं, केळं.

नवऱ्याला पळण्याचा तिटकारा. एसटी सुटत असली तरी चालत जाईल. पण अंधारात घाटात मी एकटीनं जावं हे त्याला पटत नाही. कुत्र्यांची टोळकी असतात, बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. म्हणून लांब पळायचं असेल त्या दिवशी तो स्कूटर घेऊन मागं. रेनकोट, माकडटोपी, वर हेल्मेट. चढाला माझा वेग इतका पडतो की स्कूटर डुगडुगायला लागते, मग तो थांबतो, मला पुढं जाऊ देतो, पुन्हा येतो. डिकीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, खजूर आणि स्वतःसाठी चहाचा थर्मास. कासची फुलं सुरू झाली की रविवारी त्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते, म्हणून तेव्हा आणखी लवकर निघायचं. म्हणजे त्याचीच झोप आणखी गेली. 'तुझा अभिमान वाटतो' वगैरे भाषा त्याच्या तोंडात नाही. मागं एकदा माकडटोपीतूनच म्हणाला, "आज डावा पाय बाहेर टाकतेस." गुडघा दुखत होता खरा. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

लेक दहावीत. रविवारच्या पोह्यांचं खातं तिनं आपणहून ताब्यात घेतलंय. पोहे गिचगोळा होतात. मी गपचूप खाते.

आणि शाळेपासूनची मैत्रीण, जिनं आयुष्यात पीटीचा तास सोडून काही पळलेलं नाही. ती काल उतारानंतर चौकात उभी होती, छत्री एका हातात, डबा दुसऱ्या हातात. मला बघून रस्त्यात आली आणि तोंडात कंदी पेढा कोंबला. पळताना पेढा गिळून बघा एकदा! पुढं बराच वेळ मी नाकानंच श्वास घेत होते. पण साताऱ्याची रीतच ती. २०१२ पासून ही शर्यत होतेय, २०१५ ला डोंगरी शर्यतीत सर्वांत जास्त धावपटू म्हणून गिनेसमध्ये नावही लागलं, तरी पुण्या-मुंबईहून येणारे विक्रमापेक्षा रस्त्यावरच्या माणसांबद्दलच जास्त बोलतात. ढोल, लेझीम, टाळी द्यायला हात पुढं करून उभी असलेली पोरं. माझ्या नंबरावर नाव छापलेलं वाचून एक आजोबा ओरडले, "चला सूनबाई, आलंच!" आलं नव्हतं, पण मी जोर लावला.

"कसं जमतं गं तुला?" असं विचारणाऱ्या पुष्कळ. पहाटे पावणेपाचला मी दार ओढून घेते, त्यानंतरचं दूध, डबे, लेकीला उठवणं, पाण्याची वेळ सांभाळणं हे सगळं कुणीतरी न बोलता, किंवा बरंच बोलून, उचललेलं असतं. म्हणून जमतं. आमच्या ग्रुपात माझ्याहून चपळ बायका आल्या आणि महिना-दीड महिन्यात गळाल्या. त्यांचे पाय थकले नव्हते. घरून "किती वाजेपर्यंत येणार?" हे ज्या सुरात विचारलं जायचं तो सूर सोसवेना.

आमच्या घरातही सूर लागतो, नाही कशाला म्हणू? पण कुरकुर करत करत काम करणाऱ्या माणसांवर माझा जास्त भरवसा आहे. नुसतं 'वा वा' म्हणणाऱ्यांना बुटांत पेपर कोंबायला कुणी सांगितलंय?

येत्या रविवारी पळणं नाही. आईंना पूर्ण पावसाळाभर शिखर शिंगणापूरला जायचं होतं, ते माझ्या सरावापायी राहिलं. सहाला गाडी काढायची, दर्शन करून दहिवडीला मामांकडं जेवण, असं आत्ताच ठरलंय. पहाटे उठून डबा मी करणार. आईंनी लगेच बजावलं, "पायऱ्या आहेत तिथं. तुझ्याच्यानं होईल का बघ, न्हाईतर गाडीत बस."